आबांना शोधायला काढलेला नकाशा

आबा हरवले त्या हिवाळ्यात मी पुण्याला नकाशांच्या कचेरीत कामाला होते. उपग्रहाचं चित्र म्हणजे चौकटीला लागून चौकट, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. त्या आकड्यांवरून ऊस कुठं, माळ कुठं, पाणी कुठं, हे वेगळं काढायचं. दौंड तालुक्याचं चित्र माझ्याकडेच होतं. आमचं खुटबाव त्यातच.

आबा म्हणजे माझे वडील. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले. पुढं जमिनीत रमले, ऊस लावला, आम्हाला शिकवलं. म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. आधी वारांचा, मग माणसांचा. त्या दिवाळीला मी घरी गेले, तर ओसरीवरून उठून उभे राहिले.

"या, बसा. तुम्ही कुणाच्या?"

आबांनी मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी आत जाऊन चुलीपाशी आईजवळ बसून राहिले.

मग एका सकाळी भावाचा फोन आला. आबा काठी घेऊन बाहेर पडले ते परतलेच नाहीत. घरच्यांनी केडगावचं स्टेशन, कालव्याची कडा, शिरूरकडचे पाहुणे, सगळं पालथं घातलं. मी कचेरीत थांबून चित्र उघडलं. चालायला किती जड जाईल, तो आकडा चौकटींना देत गेले. माळाला कमी, नांगरटीला थोडा जास्त, ओढ्याला आणि उसाला सगळ्यांत जास्त. आमच्या दारातून निघालेलं म्हातारं माणूस सोप्या वाटेनं कुठं पोचेल, ते कॉम्प्युटरनं रंगवून दाखवलं. रंग गावामागच्या माळावर पसरला. प्रिंट घेऊन मी संध्याकाळी गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ, चुलते आणि मी तो माळ चालून काढला. हाका मारल्या, भेटेल त्या गुराख्याला विचारलं. मी घडी घडी कागद उलगडत होते.

दुपारी निरोप आला. पार दुसऱ्या अंगाच्या शिवारात ऊसतोडीची टोळी फडात शिरली होती, तिला आबा दिसले. दाट उसात, सरीत कुशीवर निजलेले. चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. अंगाचं लाकूड झालं होतं.

आम्ही तिथं पोचलो, तसे चुलते बांधावर बसले.

"हितं वाडा बसायचा आमचा," ते म्हणाले. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. "कालव्याचं पाणी यायच्या आधी समदा माळच व्हता ह्यो. आमी दोघं भाऊ मेंढरांच्या कडंला निजायचो."

सुतक फिटल्यावर मी कामावर गेले. जुन्या सालातलं एक धुरकट चित्र मिळालं. त्यात तो फड खरंच माळ होता. त्यावर पुन्हा वाट काढून पाहिली. या वेळी रंग त्या शिवारात गेला, पण बाकीच्या चारी दिशांनाही तसाच गेला. तेव्हा सगळीकडं माळच होता. मी कॉम्प्युटर बंद केला आणि जिन्यात जाऊन रडले.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "थंडी लय आसंल न्हवं त्या उसात?"

"न्हाई," मी म्हणाले. "उसात ऊब असती."

"व्हय," आई म्हणाली, आणि पिठाचा हात तसाच परातीत ठेवून बसून राहिली.