शेकोटीचे तीन फेरे

दोन हजार सहा साल. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आम्ही मुलाकडे राहत होतो. आम्ही म्हणजे आता मी एकटाच, पण तोंडातून अजून 'आम्ही'च जातं.

ही फेब्रुवारीत गेली. आधीच बजावून ठेवलं होतं तिनं, "मडकं तुम्हीच धरा. पोराला नाही जमायचं, घाबरट आहे." आमच्यात पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला तीन फेरे घालतात. मडक्याला भोक पाडतात, पाणी गळत राहतं. शेवटी ते न बघता मागं टाकून फोडायचं आणि बोंब ठोकायची. मग गेलेलं माणूस सुटतं. तिच्या वेळी मात्र गालिचा घातलेली खोली होती आणि भिंतीवर एक बटण. मुलगा तिथल्या माणसाला विचारून आला. म्हणाला, "बाबा, पाणी अलाउड नाही. मडकं फोडणं तर नाहीच."

मी बटण दाबलं. लिफ्टचं दाबतात तसं. जाळ दिसला नाही, धूर दिसला नाही. तिला सोडवलं असं मला कधी वाटलंच नाही. जेवायला बसलं की डोळ्यांपुढं यायचं, त्या खोलीच्या दाराशी ती ताटकळत उभी आहे, आणि हा गडी इथं भात कालवतोय.

आमच्या कॉलनीचं गवत कापायला एक माणूस यायचा. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं कुठलंसं खेडं त्याचं. ही त्याला आलं घातलेला चहा द्यायची. तो मला 'ताता' म्हणायचा, म्हणजे बाबा, आणि हिला 'मामा', म्हणजे आई. "मला मिशा आहेत का मामा म्हणायला?" म्हणून ही हसायची. त्याला काय कळणार. तोही हसायचा.

जूनमध्ये तो टोपी हातात घेऊन दारात आला. मुलाशी इंग्रजीत बोलला.

मुलगा म्हणाला, "बाबा, यांच्या गावाकडचा सण आहे सॅटर्डेला. तिकडे या दिवसांत कडाक्याची थंडी असते, म्हणून मोठी शेकोटी पेटवतात. तुम्हाला बोलावतोय. नाही म्हणून सांगू ना?"

"लाकडाची?"

"काय?"

"शेकोटी रे. लाकडाची का गॅसची?"

त्यानं विचारलं. लाकडाची होती.

"येतो म्हणून सांग."

शनिवारी मी मागच्या डेकवरची मातीची कुंडी उचलली. हिनं लावलेली कोथिंबीर वाळून गेली होती तिच्यात. माती झटकली, कुंडी धुतली. बुडाला भोक आयतंच होतं.

सून म्हणाली, "बाबा, कुंडी कशाला?"

"त्यांना द्यायला." खरं सांगितलं असतं तर मुलानं गाडी काढली नसती.

शहराबाहेर एका शेतात त्यांच्या खेड्याची सगळी माणसं जमली होती. अंगातून घामाच्या धारा, आणि बायाबाप्ये लोकरीच्या टोप्या, शाली घालून हिंडताहेत. ढोल होता, वेळूच्या जोड-बासऱ्या होत्या. सूर्य कलला तशी शेकोटी पेटवली. या देशात आल्यापासून मी लाकडाचा जाळ बघितला नव्हता. गवतवाल्यानं मक्याची आंबट पेज आणून दिली आणि खुणेनं दाखवलं, आधी थोडी जमिनीवर ओतायची, मग प्यायची. सगळे तसंच करत होते. मीही ओतली.

मुलगा गाडीत बसून ऑफिसच्या फोनवर बोलत होता. मी नळावर कुंडी भरली, भोकावर बोट धरलं, कुंडी खांद्यावर घेतली आणि बोट काढलं.

पाठ भिजली. पहिला फेरा नीट झाला. मनात तिचं नाव घेत होतो. दुसऱ्या फेऱ्याला पाठीमागं पावलं वाजली. वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. पण ढोल जवळ आला, आणि शेकोटीच्या पलीकडं रांगेचं टोक दिसलं. हात धरून, पाय आपटत ती माणसं माझ्या मागून नाचत येत होती. म्हातारा जमिनीला पाणी पाजतोय असं त्यांना वाटलं असावं. त्यांची पेज, माझं पाणी. थांबा म्हणून कुठल्या भाषेत सांगू? मराठीत म्हटलं, "अहो, माझी बायको गेली आहे." जो तो मान डोलवून हसला.

तिसरा फेरा पुरा केला. कुंडी मागं टाकली, उलटा हात तोंडावर मारला आणि बोंब ठोकली. चार महिने आत दाबून ठेवलेली बोंब होती ती. ती सगळी जत्राच माझ्यासारखा हात तोंडावर मारून ओरडली. हसत ओरडली.

खांद्यावर हात पडला. मी वळलो. वळायला नको होतं, पण वळलो. गवतवाल्याची म्हातारी आई होती. मऊ गवतात पडलेली कुंडी तिनं उचलून आणली होती. साधा टवकासुद्धा उडाला नव्हता. पदरानं पुसावी तशी तिनं ती शालीनं पुसली आणि माझ्या हातात दिली. वर गालावरून हात फिरवला. बाईचा काही दोष नाही.

गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, मजा केलेली दिसतेय. लांबून आवाज ऐकला तुमचा."

"हो."

"पुढच्या वर्षी पण येऊ या मग."

मी कुंडी मांडीवर घट्ट धरली.

घरी सुनेनं दार उघडलं. "बाबा, धुराचा केवढा वास येतोय. आधी आंघोळ करून घ्या, मग जेवायला वाढते."

मसणातून आल्यावर आंघोळ करायची असते. मी हातपायसुद्धा धुतले नाहीत. तसाच ताटावर बसलो.