बॉर्डरवरचा भाऊ

दिल्लीला निघालो तेव्हा गावातल्या बायकांनी मला ओवाळलं. त्याला कारण माझा गाढवपणा.

झालं असं, की दिल्लीहून सुनंदाचा फोन आला. सुनंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिनकरची बायको. रडतच म्हणाली, "भाऊजी, डॉक्टर म्हणाले, हे बॉर्डरवर आलेत. तुम्ही या." आणि फोन कट.

माझं शिक्षण शाळेच्या भिंतीवरून पलीकडं उडी मारण्यापुरतं. मला बॉर्डर ठाऊक एकच, पाकिस्तानची. दिनकर दिल्लीजवळ मानेसरला मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. पण म्हटलं, सैन्यात माणसं कमी पडली असतील, डॉक्टरनं छाती मोजून नेला असेल. हे मी चावडीवर सांगून मोकळा झालो. कुणी नारळ आणला, कुणी थंडीसाठी घोंगडं. मी छाती पुढं काढून गाडीत बसलो. घोंगडं मांडीवर घेतलं.

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडलो आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "बॉर्डर जाना है."

"कौन सा बॉर्डर?"

मी मनात म्हटलं, बाबा रे, किती बाजूंनी लढाई चालू आहे? म्हटलं, "जहाँ से मानेसर का बस जाता है."

"तो हरियाणा बॉर्डर बोलो ना, ताऊ!" (ताऊ म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. तिकडं कुणाही म्हाताऱ्याला म्हणतात. मी काही म्हातारा नाही, पण रिक्षात बसलेल्यानं वाद घालू नये.)

वाटेत रस्ता रुंद होत गेला. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, काही पुऱ्या, काही अजून सळया वर करून उभ्या. माणसं कुठं दिसेनात, नुसत्या गाड्या. मग रिक्षा एका गल्लीत शिरली आणि सगळी माणसं एकदम तिथंच सापडली. खोलीवर खोली, तारांवर तारा, नळापुढं बादल्यांची रांग.

दिनकरच्या खोलीचं दार उघडलं आणि मला वाटलं, वारलेले आमचे बाबाच समोर उभे आहेत. तेच बसलेले गाल, तेच काळवंडलेले डोळे. तो दिनकर होता.

"दादा, हे घोंगडं कशाला? बाहेर लू (उन्हाळ्यातला भाजणारा वारा) चालू आहे यार!"

मी खरं काय ते सांगितलं. सुनंदा रडता रडता हसायला लागली. मग तिनं समजावलं. साखर बॉर्डरवर, बीपी बॉर्डरवर. आजार अजून झालेला नाही, उंबऱ्यावर येऊन बसलाय. मला वाटलं, पाकिस्तान बरं होतं. तिथं निदान शत्रू दिसतो तरी.

दिनकरची कायमची रात्रपाळी. सकाळी कंपनीची बस त्याला सोडायची आणि तो पत्र्याखाली झोपायला बघायचा. शेजारच्या बायका मसाला कुटायच्या, दाराबाहेर पोरं नाचायची, लाइट गेली की पंखा बंद. मी म्हटलं, मी दारात पहारा देतो, कुणाला आवाज करू देत नाही. खुर्ची टाकून बसलो आणि पाच मिनिटांत असा घोरलो, की दिनकर बाहेर येऊन म्हणाला, "दादा, मसालेवाल्या बऱ्या होत्या."

जिन्यावर एकच संडास, सगळ्या मजल्याचा. रांगेत बस चुकते म्हणून दिनकर निघण्याआधी पाणीच पीत नाही. कामावर डोळे मिटू नयेत म्हणून गोड चहा, त्याच्याबरोबर ब्रेडपकोडा. घरी येतो तेव्हा भूक मेलेली. हे सगळं तो असं सांगत होता, जसं काही दुसऱ्या कुणाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सरोजिनी नगरकडं एका नव्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाई मराठी, पण दिल्लीतच वाढलेल्या. आम्हा दोघांकडं पाहून दिनकरला म्हणाल्या, "तुम्ही मोठे ना? धाकट्यांना आत्ताच आणलंत, अच्छा केलंत."

दिनकर सात वर्षांनी लहान आहे. एरवी मी या विनोदावर महिनाभर गाव हसवलं असतं. तिथं मी एवढंच म्हटलं, "बाई, थोरला मी."

बाईंनी विचारलं, आईला साखर होती? नाही. वडिलांना? नाही. मग माझंही बोट टोचलं. माझं सगळं बिल्कुल ठीक निघालं. एका आईचे आम्ही दोघं. मला लाज वाटली, जणू मी त्याच्या ताटातलं उचलून खाल्लं होतं.

"गोळी द्या की बाई," मी म्हटलं.

"गोळीची बीमारी अजून नाही झाली. रात्रीची झोप, टायमावर जेवण आणि रोज चालणं. असंच चालू राहिलं तर मात्र होणार."

"मग तेच लिहून द्या, केमिस्टकडून आणतो."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "केमिस्टकडे मिळत असतं तर केव्हाच लिहिलं असतं, काका."

मी ठरवलं, चालण्यापासून सुरुवात करायची. संध्याकाळी बसच्या आधी दोघं निघालो. रस्त्याला कड नावाची गोष्टच नाही. ट्रक असा अंगाला चाटून गेला, की मी दिनकरला वाचवायला ओढलं आणि स्वतः गटारात बसलो. त्यानंच मला बाहेर काढलं. पलीकडं नवी सोसायटी होती, आत हिरवळ, पांढरे बूट घातलेली माणसं गोल गोल चालत होती. गेटवरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "किस के घर काम करते हो?"

"काम नहीं, चलने का है. भाई को शुगर होनेवाला है."

"होनेवाला है?" तो म्हणाला. "ताऊ, इधर जिनको हो चुका है, वही चलते हैं. हटो, गाड़ी आ रही है."

परत येताना मी म्हटलं, "दिवसपाळी मागून घे की."

"मी ठेकेदाराचा माणूस आहे, दादा. मागणाऱ्याच्या जागी दुसरा उभा राहतो."

"आणि तू आडवा झाल्यावर कोण उभा राहील?"

तेवढ्यात बस आली. चढताना त्यानं दांडीला धरून क्षणभर दम घेतला आणि मी पाहिलं का, हे वळून पाहिलं. मी गटाराचा चिखल झटकतोय असं दाखवलं.

मी निघालो त्या दिवशी तो स्टेशनवर आला. जिना चढून पुलावर पोचलो तर तो कठड्याला टेकला. त्याला हसवायला मी म्हटलं, "ही दिल्लीची हवा, फुकट आहे, खा लेका." त्याच्याकडं हसण्यापुरताही श्वास नव्हता. मग मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "दिनू, मला भीती वाटते. एकदा विचार त्या ठेकेदाराला. माझ्यासाठी." त्यानं मान डोलावली.

गावात आलो. लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का, सगळे विचारायचे. मी पाहिलं होतं ते एवढंच, की माणूस निरोगी असतानाच कसा हळूहळू संपत जातो. पण हे चावडीवर कसं सांगणार? मी घोंगड्याची गोष्ट सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

मग दिनकरचा फोन आला. त्यानं विचारलं होतं. ठेकेदार म्हणाला होता, "अभी बीमार तो नहीं है ना? हो जा, फिर देखेंगे."

फोन ठेवला. बायकोनं विचारलं, "काय म्हणतात दिनूभाऊजी? आजारी नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

"सुटले बाई एकदाचे," म्हणत ती आत गेली आणि आनंदानं देवापुढं साखर ठेवली. नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण कारण काय सांगू ते सुचेना.