डाव्या मुठीतले केस

मुलांनो, तुमच्या धरणगावच्या आत्याला मुलगी झाली हे तुम्हाला फोनवर कळलंच. बाळाच्या डाव्या हाताचं मात्र तेव्हा कोणी बोललं नाही. बाळंतपण अवघड गेलं होतं. डॉक्टरांनी तळहातावर बोट टेकवलं तेव्हा उजवी मूठ लगेच आवळली. डावी उघडीच राहिली. "शीर ताणली गेली असेल. बहुतेक सुधारेल, पण वाट पाहावी लागेल," ते म्हणाले. तेव्हापासून आत्या त्या तळहातावर बोट ठेवूनच बसायची.

अमळनेरला कॉलेजात मी मानसशास्त्र शिकले होते. तिचं मन रमावं म्हणून त्यातलं सांगितलं. तान्ही मुलं हाती येईल ते घट्ट धरतात. फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगभर केस होते, ते धरूनच पिल्लू आईला चिकटून राहायचं. ती पकड अजून मुठीत उरली आहे, असं काही अभ्यासक मानतात.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, आत्याची आई, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकत होती. "अक्का, मंग आपली पोर काय माकड शे?"

"आपण सगळेच थोडे थोडे."

"सासरकडनं खरं व्हई. मन्हा माहेरना लोके तसा नहीत."

आत्या हसली, पण बोट काढलं नाही.

न्हाणं झाल्यावर बाळंतिणीचे ओले केस धुरीवर वाळवायची आपल्याकडे रीत आहे. आत्या बाळाला घेऊन केस मोकळे सोडून बसली. मध्येच बाळ शिंकलं, स्वतःच्याच शिंकेने दचकलं. हात पसरले, पुन्हा आत आले, आणि आत्या कळवळली. खांद्यावरची बट बाळाच्या मुठीत होती. जाऊ सोडवायला वाकली.

"राहू दे, आई. डावा हात आहे."

जाऊने हात मागे घेतला. पुस्तकातलं ते वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. इथे या एवढ्याशा जिवाला अजून नाव नव्हतं, आईचा चेहराही नीट ओळखता येत नव्हता. पण काय धरायचं ते ठाऊक होतं. ज्यांची हाडंही आता उरली नसतील, अशा किती आयांनी ते त्या बोटांपर्यंत पोचवलं असेल.

निखारे विझले, तरी आत्या मान वाकडी करून तशीच बसली होती. जाऊने त्या मुठीवरून हलकेच बोट फिरवलं.

"धर वं माय, धर."