मापाऱ्याची दुर्बीण

डोणगावजवळच्या तलावावर दर हिवाळ्यात पक्षी मोजायला आम्ही नवराबायको जायचो. संक्रांतीच्या आसपासचा एखादा रविवार ठरायचा. तालुक्यातल्या प्रत्येक तलावाला एक जोडी. जोडीतल्या एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मोजायचे आमचे हे, लिहायची मी. यांचा नियम कडक होता. लिहिणाऱ्यानं मान वर करायची नाही, केली की रेघ चुकते. त्यामुळे कितीतरी हिवाळे मी तलावाच्या पाळीवर बसून काढले आणि पक्षी असे पाहिलेच नाहीत. नावं सगळी पाठ, तोंडओळख एकाशीही नाही.

हे बाजारात मापारी होते. जन्मभर अडत्याच्या दुकानापुढे धान्य मोजलं. मापाऱ्यांची रीत अशी, की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. एक म्हटलं तर रास आटते, लाभ म्हटलं की पुरते. पुढे इलेक्ट्रिक काटे आले, मापं अडगळीत गेली, पण यांची जीभ काही बदलली नाही. बदकांनाही लाभच. मी चिडवायची, ज्वारी आहे का ती, सरळ एक म्हणा ना. डोळ्यांवरची दुर्बीण न काढता हे म्हणायचे, तू लिही.

गेल्या भादव्यात हे गेले. बसल्या जागी, पुढ्यातला चहा निवत होता. त्यानंतरचं मला फारसं सांगता येत नाही, कारण आत काही झालंच नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. नळाखाली घागर भरून वाहायची आणि मी शेजारी उभी असायची. बाया येऊन म्हणायच्या, रड बाई, मोकळी हो. मी त्यांना चहा करून द्यायची. माझं न रडणं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलं. मग त्या यायच्या थांबल्या, संक्रांतीचं बोलावणंही कुणाकडून आलं नाही, आणि त्याचंही काही वाटलं नाही. काही वाटत नाही, याची मात्र भीती वाटायला लागली होती. एवढा संसार केला आणि माणसामागे डोळ्याला पाणी नाही, तर केलं काय मग इतकी वर्षं?

अशात मोजणी जमवणाऱ्या मास्तरांचा मेहकरहून फोन आला. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं जपून. तुमचा तलाव यंदा दुसऱ्या जोडीला द्यायचा का, असं त्यांनी चाचरत विचारलं. मी म्हटलं, एवढं वर्ष येते, नेहमीसारखी लिहिते. मोजणी झाली की तलाव द्या कुणाला आणि यांची दुर्बीणही घेऊन जा. मनाशी ठरवून टाकलं होतं. तिथं बसूनही आत काही हललं नाही, तर ती वस्तू घरात ठेवण्यात अर्थ नव्हता.

रविवारी सकाळी पाळीवर यांचे दोस्त आधीच येऊन बसले होते. गावातले जुने शिंपी, यांच्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवलेला. मी त्यांना भाई म्हणते. एरवी वर्षभर यांच्याबरोबर पक्षी पाहायला तेच जायचे. डोळ्यांवर काळा चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी कागद आणि पेन माझ्या हातातून काढून घेतलं. लांबचं अजून धुरकट दिसतं, तेव्हा मोजायचं तुम्ही, म्हणाले. मी वैतागले. दिसत नाही तर आलात कशाला, असं तोंडावर विचारलं.

‘त्याची जागा रिकामी कशी ठेवू, भाभी?’ ते म्हणाले.

मी दुर्बीण गळ्यात घातली. गळ्यात आता तेवढंच होतं.

आधी मला माझ्या पापण्याच दिसल्या. मग पाणी, मग पलीकडचं हरभऱ्याचं शेत, आणि मग पक्षी. मला नावं येत होती पण तोंडं नाही, भाईंना तोंडं येत होती पण दिसत नव्हती. आंधळ्या-पांगळ्याची जोडी झाली आमची. मी सांगायची, चोच फावड्यासारखी चपटी. ते म्हणायचे, थापट्या. मी सांगायची, सगळं काळं, कपाळावर पांढरा टिळा. ते म्हणायचे, चांदवा. मग मी सांगितलं, चोचीच्या टोकाला पिवळं, बुडाशी तांबडं. भाईंचं पेन हातात, मान खाली. काऊन थांबले ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

‘हळदी-कुंकू म्हणा, भाई,’ मी म्हटलं. ‘बदकाचं नाव हाय ते.’

त्यांनी लिहिलं. त्या बदकांचा मोठा थवा पलीकडच्या काठाला, पाणकणसाच्या कडेनं पसरला होता. मी एका टोकापासून मोजायला लागले. चांगली लय लागली होती, आणि शेजारी पेनाचा आवाज येत नाही असं जाणवलं. मी ओरडलेच, लिहा ना.

‘भाभी,’ भाई म्हणाले, ‘तुमी लाभ म्हटलं.’

मी म्हटलं नाही, असं मी सांगितलं. तुमी म्हटलं, ते म्हणाले, हुबेहूब त्याच्यासारखं.

तेवढ्यात पाण्यावरून खाली खाली एक ससाणा आला आणि सगळा थवा उठला. तलावावर एक वळसा घेऊन पुन्हा उतरला, पण आधीची मांडणी मोडली होती. थवा उठला की झालेली मोजणी बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हा सगळ्या तलावांचा नियम आहे.

मघाशी लाभ आपसूक तोंडातून गेलं होतं. आता मला ते ऐकू येणार होतं. दुर्बीण पुन्हा थव्याच्या टोकावर आणली. एक म्हटलं असतं तर चाललं असतं, बदकं तेवढीच भरली असती. पण यांची रास एकावर आणायला जीभ धजेना. मी लाभ म्हटलं, आणि त्याच आवाजात रडू आलं. भादव्यापासूनचं सगळं. नाक वाहत होतं, काचा ओल्या होत होत्या, त्या पदरानं पुसत मी दोन म्हटलं, तीन म्हटलं, आणि मोजत राहिले.

भाईंनी मान वर केली नाही. माझ्या प्रत्येक आकड्याला ते रेघ ओढत गेले. लिहिणाऱ्याचा नियम त्यांनाही माहीत होता.

उन्हं वर आल्यावर मास्तर कागद न्यायला गाडीवरून आले. कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. माझ्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. मग ठरल्याप्रमाणे दुर्बिणीसाठी हात पुढे केला.

‘राहू द्या, मास्तर,’ मी म्हटलं. ‘मले लागते.’