पान चिकटवलंस का, मेधे?

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. त्याच्या थोरल्या भावाचा आवाज होता. "ताई, दिगंबर गेला. झेंडूला पाणी धरत व्हता, बांधावर बसला तो उठलाच नाय..." पुढचं मला ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा रडूही आलं नाही. मनात पहिला विचार आला, आता सांगायचं राहूनच गेलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, बरं झालं, आता सांगायला नको. तो दुसरा विचार माझाच होता, आणि गेले पाच आठवडे तो माझ्या घरात माझ्यासोबत राहतो आहे.

आम्ही पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्यांच्या घरातला आणि मी नाशिकरोडची, कारकुनाची मुलगी. नव्वदच्या दशकात सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात आम्हाला नोकरी लागली आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही सात वर्षं बसलो. दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या शीतगृहांसाठी आम्ही इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवायचो. आत किती गार झालंय ते कार्ड मोजायचं, पडद्यावर दाखवायचं आणि पुरेसं गार झालं की झडप बंद करायचं. त्यातला पडदा माझ्याकडे आणि झडप त्याच्याकडे. मी त्याला दिग्या म्हणायचे, तो मला मेधे. रोज डब्याच्या पिशवीतून दोन-चार झेंडू आणून मॉनिटरवर ठेवायचा. मी म्हणायचे, "अरे, त्या खोक्याची काय पूजा करतोस?" तर म्हणायचा, "रुसतं ना ते. तुझ्यासारखं."

कार्ड मध्येच अडकलं तर नेमकं कुठे अडकलं हे शोधायला डीबगर नावाचा प्रोग्रॅम लागतो. दिग्याने तो आमच्या कार्डांसाठी स्वतः लिहिला होता आणि त्याचं त्याला फार अप्रूप. मला तो शिकवताना त्याने सगळं टेबल झेंडूच्या पाकळ्यांनी भरून टाकलं होतं. "हे बघ मेधे, प्रोग्रॅमच्या भागांना आपण नावं देतो, पण कार्डावरच्या चिपला ती कळत नाहीत. तिला फक्त पत्ते कळतात, आकडे. नावं आपली, आपल्या सोयीसाठी. प्रोग्रॅम तयार होताना नावं आणि पत्ते यांची एक यादी निघते. चिपमध्ये ती जात नाही, ती आपल्यापाशी राहते. डीबगर ती यादी वाचतो." नाव दिलं तर पत्ता चटकन मिळावा म्हणून त्याने यादीचे कप्पे केले होते. नावाच्या अक्षरांची बेरीज करून कप्पा ठरायचा आणि मग तेवढ्याच कप्प्यात शोधायचं, पोस्टात पत्रं लावतात तसं. पत्ता हातात असेल तर मात्र उलटं. पत्ते चढत्या क्रमाने लावलेले, बरोबर मधला बघायचा, आपला त्याच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवायचं, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मधला बघायचा. "आणि नेमका तो पत्ता यादीत नसला तर?" मी विचारलं. "तर त्याच्या आधीचं सगळ्यात जवळचं नाव सांगायचं. अमक्याच्या घरापासून चार पावलं पुढे. गावात पत्ता सांगतात की नाही तसं." मग म्हणाला, "पण एक लक्षात ठेव. हा बाबा माहीत नाही असं कधी म्हणत नाही. यादी जुनी असली तरी नाव सांगतोच. आणि अगदी छातीठोक सांगतो."

म्हणून त्याचा एक नियम होता, आणि त्यापायी त्याने आम्हा सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. चिपमध्ये प्रोग्रॅम भरला की त्याच क्षणी यादी छापायची. तो कर्कश प्रिंटर, ती भोकाभोकांची पट्टी फाडायची आणि कागद जाड हिरव्या वहीत डकवायचा. चिपवर जो नंबर तोच पानावर. पानाच्या कडेला एक रकाना होता, 'कोणाचं' असा. कुठला भाग कोणी लिहिला ते तिथे सहीसारखं लिहायचं. पान डकवल्याशिवाय चिप टेबलावरून हलायची नाही. संध्याकाळी मी पर्स उचलली की मान वर न करता त्याचा प्रश्न यायचा, "पान चिकटवलंस का, मेधे?"

एका हंगामात मी ते चिकटवलं नाही.

द्राक्षांची तोडणी ऐन भरात होती. दिंडोरीचे एक बागायतदार कार्डासाठी गाडी घेऊन दारात उभे होते. दिग्या त्या दिवशी घरी, बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. पडद्यावर शून्याखालचं तापमान दिसताना उणे चिन्ह येत नव्हतं, ते मला आदल्या दिवसापासून खुपत होतं. मी चार ओळी वाढवल्या. फक्त चार! चिप भरली, तिच्यावर आधीचाच नंबर लावला आणि कार्ड देऊन टाकलं. चार ओळींसाठी कुठे यादी छापत बसायची? उद्या बघू, म्हटलं. उद्या मी विसरले.

दहा-बारा दिवसांनी त्या शीतगृहात अख्खी खोली द्राक्षं गोठली. झडप बंद झालीच नाही, थंडावा वाढतच गेला. परदेशी जायचा माल होता तो, वर्षभराची मेहनत. मणी काचेसारखे झाले होते आणि बाहेर काढले की हातात त्यांचं पाणी पाणी होत होतं. आमचं कार्ड शेवटी जिथे अडकलं तो पत्ता जपून ठेवायचं. तो आला, थ्री-ए-सेव्हन-फोर. साहेब, म्हणजे आमचे मालक, स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले. दिग्याने पत्ता घातला आणि त्याच्याच डीबगरने त्याच्याच भागाचं नाव सांगितलं. झडप बंद, चार पावलं पुढे. झडपच तर बंद झाली नव्हती! मग शंका घ्यायची कोणी आणि कशाला?

साहेब सगळ्यांसमोर नको ते बोलले. "फुलं विकायची सोडून इथं कशाला आलास?" इथपर्यंत बोलले. दिग्याने वही पुढे ओढली. तीन आठवडे तो स्वतःच्या ओळी वाचत बसला. चूक सापडेना. त्याचं जेवण सुटलं, मॉनिटरवरचे झेंडू सुकून गेले तरी त्याने बदलले नाहीत. एकदा दुपारी मला म्हणाला, "मेधे, त्या खेपेला तू काही बदललं होतंस का गं?" मी म्हटलं, "नाही रे." देवाशपथ सांगते, तेव्हा ते खोटं नव्हतं. पडद्याच्या चार ओळी मला बदल वाटलाच नव्हता. महिनाअखेरीला त्याने राजीनामा दिला. जाताना म्हणाला, "चूक सापडली असती तर राहिलो असतो. न सापडलेल्या चुकीसोबत कसं काम करायचं?" ती हिरवी वही त्याने मागितली आणि साहेबांनी रद्दी द्यावी तशी ती देऊन टाकली.

पुढे दोन महिन्यांनी फ्लॉप्या आवरताना मला एक फ्लॉपी मिळाली. तिच्यावर ती गाडी दारात उभी होती त्या दिवसाची तारीख. मी त्यातून यादी काढली, दिग्याच्या डीबगरला दिली आणि विचारलं, थ्री-ए-सेव्हन-फोर? त्याने उत्तर दिलं, पडदा लिही. माझा भाग. माझ्या चार ओळींनी माझा भाग लांबला होता आणि पूर्वी जिथे त्याची झडप सुरू व्हायची तिथवर येऊन पोचला होता. उणे चिन्ह आलं की माझ्या ओळी तिथल्या तिथे फिरत राहायच्या आणि झडपेची पाळीच यायची नाही. त्या चार ओळी शून्याखाली मी चालवून बघितल्याच नव्हत्या. त्या दिवशी उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायला मला वीस पावलं लागली असती. मी गेले नाही. माझं लग्न ठरलं होतं, सात वर्षांनी नोकरी कुठे पक्की झाली होती... ही कारणं आज लिहितानासुद्धा लाज वाटते. मी ओळी दुरुस्त केल्या, सगळीकडे नव्या चिपा पाठवल्या. साहेब म्हणाले, "बघा, तो गेल्यापासून कशी शिस्त आली." मी मान हलवली. हो, मान हलवली मी!

दिग्याने पुन्हा कुठे नोकरी धरली नाही. पंचवटीत एका क्लासमध्ये तास घ्यायचा, उरलेला वेळ शेतात. लग्नही केलं नाही. मी वर्षातून दोनदा जायचे, दसऱ्याआधी फुलांच्या निमित्ताने आणि उन्हाळ्यात उगीच. प्रत्येक वेळी ठरवून जायचे की आज सांगायचंच. तो खाटेवर वर्तमानपत्र पसरून फुलं निवडत बसलेला असायचा. गप्पा व्हायच्या, त्याची आई चहा आणायची. मी उठले की तो दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "अजून काही, मेधे?" मी म्हणायचे, "काही नाही रे, येते." नऊ वर्षं हे असंच चाललं. तो प्रश्न सगळेच विचारतात, असं मी स्वतःला समजावत राहिले.

तेरावं झाल्यावर गेले. मावशी, म्हणजे त्याची आई, ओट्यावर बसली होती. तिने आतून फडक्यात बांधलेली ती हिरवी वही आणली. "तुझ्यासाठीच ठेवेल हाय. मागं दवाखान्यातून आला तव्हा म्हणायचा, मेधा आली तर दे. नाय आली तर राहू दे."

दिंडोरीच्या चिपचं ते पान मी तिथे उघडलंच नाही. घरी आले, दार लावलं आणि उघडलं. छापील यादी जुनीच होती. झडप बंदसमोर 'दिगंबर' असं त्याचं वळणदार अक्षर, आणि खालच्या कोपऱ्यात दिंडोरीच्या कार्डातली ती चिप चिकटपट्टीने डकवलेली. मी समजत होते ती केव्हाच फेकली गेली. शेजारी एक दुसरी यादी, हाताने लिहिलेली, हिरव्या शाईत. ती चिप आकडान्‌आकडा वाचून त्याने प्रत्येक भागाचा खरा पत्ता शोधून काढला होता. थ्री-ए-सेव्हन-फोर खाली रेघ, समोर 'पडदा लिही'. वर तारीख होती. त्याने नोकरी सोडल्यावर तीन आठवड्यांनी. माझ्याही आधी.

म्हणजे त्याला माहीत होतं. माझ्या प्रत्येक चहाच्या वेळी, प्रत्येक दसऱ्याला माहीत होतं. त्या यादीत प्रत्येक भागासमोर 'कोणाचं' हे त्याने भरलं होतं. फक्त 'पडदा लिही'समोरचा रकाना कोरा ठेवला होता. माझं नाव लिहायला त्याला किती वेळ लागला असता?

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्या अक्षराशेजारी ते फार वेडंवाकडं दिसतं. मावशीला उद्या जाऊन सांगणार आहे. आमचे साहेब आता थकलेत, पण रविवारची पुरवणी ते अजून वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून हे मी तिथेच छापायला पाठवते आहे. साहेब, ती चूक दिगंबरची नव्हती. ती माझी होती.

वही टेबलावर उघडीच आहे. दिग्या, पान चिकटवलंय रे.