नसीमआपांची लाकडाची मालगाडी

रेल्वेचं फाटक पडलं की नसीमआपा रिक्षातून उतरत आणि रुळांकडे पाठ करून उभ्या राहत. दोन्ही कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले. मालगाडी लांबलचक असली तर आजूबाजूचे मोटारसायकलवाले त्यांच्याकडे बघून हसत. आपांना त्याचं काही वाटत नसे. शेवटचा डबा गेला की मी त्यांच्या खांद्याला हात लावायचा, हे आमचं ठरलेलं. मग त्या पदरानं घाम टिपत आणि विचारत, "गेली?"

जळगावच्या एका मुलींच्या शाळेत आम्ही दोघींनी जन्म काढला. त्या भूगोल शिकवत, मी विज्ञान. नकाशावर लोहमार्ग दाखवायचा धडा आला की त्या मला बोलावून घेत आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. एरवी वर्गात त्यांचा दरारा होता. वक्तृत्वाला उभी राहिलेली एखादी मुलगी थरथरायला लागली तर त्या तिला खाली बसू देत नसत. "घाबरलीस ना? मग घाबरून बोल. पण बोल."

त्या स्वतः मात्र एका गोष्टीबद्दल कधीच बोलल्या नव्हत्या. आम्ही निवृत्त झालो, त्यानंतर त्यांच्या अम्मी गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा घरातली माणसं पांगली होती. आपांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि एकदम म्हणाल्या, "वसुधा, माझे अब्बा माझ्यामुळे गेले असावेत. अम्मी होती तोवर हे तोंडातून काढायची हिंमत नव्हती."

अब्बा मालगाडीवर गार्ड होते. नवापूरकडचं सागवान घेऊन येणारी गाडी शिंदखेड्याजवळच्या एका लहान स्टेशनात थांबली होती. आपांचं घर तिथंच, स्टेशनाला लागून. सहा-सात वर्षांच्या आपा जेवणाचा डबा घेऊन फलाटावर गेल्या. एका डब्यावरच्या ओंडक्यांची साखळी सैल झाली होती आणि अब्बा खाली उतरून ती बघत होते. आपांनी जोरात हाक मारली, "अब्बा!" त्यांनी मान वळवली, आणि त्याच क्षणी ओंडके सुटले.

"मी हाक मारली नसती तर ते वर बघत असते, वसुधा. बाजूला झाले असते."

एवढी वर्षं हे घेऊन ही बाई कशी जगली असेल, असं मनात आलं. काहीतरी समजुतीचं बोलायचं म्हणून मी म्हटलं, त्या वेळचं कुणी असेल तर विचारू या. त्यांनी जोरात मान हलवली. "माणसं माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलतील. मला ती गाडी पाहिजे. जशी होती तशी, टेबलावर मावेल एवढी. मग मीच बघेन."

असं ते खूळ सुरू झालं. जळगावच्या खेळण्यांच्या दुकानांत गोल गोल फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाड्या होत्या. लाकूड वाहणारा सपाट, दोन्ही कडांना लोखंडी खुंट असलेला डबा कुणी पाहिलासुद्धा नव्हता. मी मोबाइलवर शोधाशोध केली तेव्हा पुण्यातले एक हौशी गृहस्थ सापडले. त्यांच्याकडचे परदेशी बनावटीचे डबे त्यांनी कुरिअरनं एकेक करून पाठवले. पार्सल आलं की आपा स्वयंपाकघरात जात आणि तिथून ओरडत, "उघडलंस? पालथं ठेव आधी!" चाकं वर केलेला डबा त्यांना कमी भयंकर वाटायचा. थोड्या वेळानं त्या दारापर्यंत येत, मग खुर्चीपर्यंत. शेवटी डब्याला एक बोट लावत आणि लगेच काढून घेत. मग त्यावरची परदेशी अक्षरं पुसून त्या त्याला विटकरी रंग देत. कडा मात्र त्या माझ्याकडे सोपवत. शेतातून आणलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या कापून आम्ही ओंडके केले. माझ्या नातीच्या तुटक्या पैंजणाची साखळी कामाला आली.

गार्डचा डबा कुठंच मिळेना. धुळ्याला पत्र्याच्या पेट्या बनवणारे रफीकचाचा आपांच्या ओळखीचे होते. आम्ही एसटीनं त्यांच्याकडे गेलो. आपांनी वर्णन सांगितलं तसा त्यांनी पत्रा कापून डबा केला, मागं गार्डनं उभं राहायचा छोटासा ओटाही जोडला. "अजून काय हवं, आपा?" त्यांनी कौतुकानं विचारलं. आपा त्या ओट्याकडे बघत राहिल्या आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून खाली बसल्या.

गाडीत कोणते डबे कुठं होते, हे मात्र कुणालातरी विचारणं भाग होतं. त्या स्टेशनावर तेव्हा रुळांचे सांधे बदलायचं काम करणारे भिकाआबा शिंदखेड्याला मुलाकडे राहतात असं कळलं. आपांनी स्वतःची ओळख द्यायची नाही असं मला बजावलं. शाळेसाठी जुन्या मालगाडीचा नमुना करतोय, एवढंच आम्ही सांगितलं. आबा खूश झाले. त्या अपघाताचा विषय निघालाच. "माले बठ्ठं याद शे," ते अहिराणीत म्हणाले. त्यांना सगळं आठवत होतं. लाकूड नदीकडच्या बाजूला पडलं. गार्डसाहेबही त्याच बाजूला उतरले होते, फलाटाकडे नाही. "शेवटले गार्डना डबा. त्याना पुढे एक बंद डबा, कापूसन्या गठाना भरेल. त्याना पुढे लाकूड."

बाहेर पडल्यावर आपा पुटपुटल्या, "बंद डबा नव्हता. तिथं उघडा, रिकामा होता. मला पलीकडचं दिसत होतं."

तरी त्यांनी बंद डबा मागवला. तो आला आणि खोक्यातच राहिला. मी विषय काढला की त्या म्हणत, "उद्या." त्यांची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. तो बसवल्यावर काय दिसेल याची धास्ती त्यांना होती आणि त्यांचं काय होईल याची मला. एकदा मी म्हटलंही, "आपा, राहू द्या हे सगळं. मोडून टाकू." त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मोडून कुठं ठेवू?"

एका दुपारी त्यांचा फोन आला. गेले तर टेबलावर गाडी रुळांवर लावलेली, पुठ्ठ्याचा फलाट केलेला, आणि खोकं तसंच बंद. "तू बसव," त्या म्हणाल्या. मी बंद डबा काढून त्याच्या जागी सरकवताना लाकडाच्या डब्याला धक्का लागला. साखळी सुटली आणि काड्या पलीकडच्या बाजूला घरंगळल्या. खरं तर आवाज किती होणार! पण आपा किंचाळून भिंतीशी गेल्या आणि तिथंच कान झाकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता हे इथंच थांबणार.

बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. त्यांनी कणकेच्या दोन गोळ्यांत दोन लवंगा उभ्या खोचल्या. एक म्हणजे अब्बा, लाकडाच्या डब्यापाशी, नदीच्या बाजूला. दुसरी म्हणजे त्या स्वतः, फलाटावर, गार्डच्या डब्याजवळ. मग गुडघ्यांवर बसून टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि फलाटावरच्या लवंगेमागून पलीकडे बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. "वसुधा, तू बघ."

मीही खाली बसून बघितलं. मध्ये बंद डबा होता. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"म्हणजे मी त्यांना मान वळवताना पाहिलं नाही. ते मी नंतर कधीतरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मला हायसं वाटलं, पण त्यांचा चेहरा आणखी उतरला. "पण हाक ऐकू गेली असेल ना? हाक काही डब्यानं अडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तयार होऊन माझ्या दारात उभ्या होत्या. शिंदखेड्यापर्यंत बसमध्ये त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. आबा ओट्यावर बसले होते. आपा त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, मागच्या खेपेला मी खोटं बोलले. मी त्या गार्डसाहेबांची मुलगी. त्या वेळी मी कुठं होते, एवढंच सांगा." हाकेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू? डबा लयी उनी व्हती ती पोर?" मग त्यांनी आपलं आपण सांगायला सुरुवात केली. पोर जेवणाचा डबा घेऊन फलाटावर आली आणि तिनं बापाला हाक मारली. "त्यास्नी ऐकी आनि हासनात. माले सांगं, 'भिका, पोरले नळजोडे बठाड, आठे लाकडं शेतस.' मी तुले उचलीसन लयी गऊ. तू पानी पी. मंग साखळी तुटनी." म्हणजे साखळी तुटली तेव्हा आबांनी उचलून नेलेल्या आपा नळापाशी पाणी पीत होत्या, आणि नळ स्टेशनच्या मागं होता. तिथून गाडीसुद्धा दिसत नसे.

मी आपांकडे बघायला धजत नव्हते. त्यांनी फार हळू विचारलं, "हसले?"

"हासनात ना!" आबा म्हणाले. "पोर डबा लयी उनी, बाप हासनार नही का?"

आपांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. आबांच्या सुनेनं चहा आणला तेव्हा तिलाही सांगायला लावलं, जणू ती तिथं होती.

त्यानंतर आपांची रेल्वेची भीती गेली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ती गेली नाही. पण नकाशा उघडला की त्या स्वतःच्या बोटानं सुरत-भुसावळ मार्ग दाखवू लागल्या, आणि रफीकचाचांना सांगून त्यांनी गार्डच्या डब्याच्या ओट्याला कठडा लावून घेतला.

गेल्या वर्षी धुळ्याच्या एका दवाखान्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत न्यायच्या आधी मी त्यांच्या उशाशी होते.

"घाबरलात, आपा?"

"खूप," त्या म्हणाल्या. मग माझा हात दाबून जरा नवलानंच म्हणाल्या, "पण ही साधी भीती आहे गं. सगळ्यांना असते ना, तशी."

त्यांना आत नेलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांनी तोंडावरचा मास्क काढायच्या आतच मला कळलं, आपा गेल्या होत्या.