धूळ मोजण्याची नोकरी

हायजीन या शब्दाने माझ्या वडिलांना फार छळलं. मी ऑक्युपेशनल हायजीनची पदवी घेऊन घरी आले, त्या पौर्णिमेला विहारात एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना सहज विचारलं, "म्हणजे पोरगी सफाई खात्यात लागणार?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण जे काम मागे टाकण्यासाठी आजोबा नांदेडकडचं गाव सोडून हैदराबादला आले आणि वडील काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून झाले, तेच काम मुलगी एवढं शिकून करणार, असा त्याचा अर्थ निघत होता. त्या दिवसापासून वडील सगळ्यांना "ती केमिस्ट आहे" म्हणून सांगायला लागले. मग लोक औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे यायचे आणि मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानाचा रस्ता दाखवायची.

काम सांगायला तसं सोपं आहे. कारखान्यातला माणूस जी हवा नाकात घेतो, तिच्यात धूळ किती, वाफा किती, त्याच्या कानावर आवाज किती आदळतो, हे मोजायचं. आणि ते मर्यादेबाहेर असेल तर तसं लिहून द्यायचं. प्रवेश घेताना आम्हांला सांगितलं होतं की या विषयाला उद्या फार मागणी येणार आहे. तो उद्या काही उजाडला नाही. माझ्या वर्गातला एक जण आखातात गेला, तो मजेत आहे. दोघं औषधांच्या कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर होऊन हेल्मेटं वाटतात. एकीने शहाणपणा करून बी.एड. केलं. मी सरकारी प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपायचं, एक दिवस मी बेकार असायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. त्या एका दिवसाचं काय करायचं हे मला कधी उमगलं नाही. घरी सांगायची सोय नव्हती. म्हणून नेहमीसारखी डबा घेऊन निघायची, नामपल्ली स्टेशनच्या बाकावर बसून तो खायची आणि वेळेवर परत यायची.

अशी वर्षं चालली असताना राज्याची वाटणी झाली. राज्याची झाली म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचीही झाली. खुर्च्या, कपाटं, फायली, माणसं, सगळ्यांच्या याद्या निघाल्या. कायम नोकरीतल्यांनी कोणतं राज्य हवं ते फॉर्मवर लिहून द्यायचं होतं, आणि त्या फॉर्मपायी लोक दिवस दिवस जागेवर नसायचे. धूळ तोलायचा नाजूक तराजू आमच्याकडे एकच. तो इकडच्या यादीत आला आणि त्याची वजनं तिकडच्या यादीत गेली. ती वजनं परत आली, पण तोवर त्यासाठी झालेल्या पत्रव्यवहाराची फाईल तराजूपेक्षा जड झाली होती. आम्ही कंत्राटी माणसं मात्र कोणत्याच यादीत नव्हतो. तिकडचे म्हणत या इकडच्या. इकडचे म्हणत, बघू. मी इतकी थकले होते की वर्तमानपत्रात 'पुनर्रचना' हा शब्द दिसला की पान उलटायची.

माझे साहेब शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातले, तीन पिढ्या सरकारी नोकरीत. कुठला कागद कुठे अडणार हे त्यांना आधी कळायचं. एके दुपारी त्यांनी मला बोलावून दार लोटलं.

"बाई, ऐका. कंत्राटवाल्यांतनं कुणाला कायम करायचं ते ठरू लागलंय. महिनाअखेरपर्यंत ज्याच्या तपासण्या पुऱ्या, त्याचंच नाव वर जाणार. एक जरी अपुरी दिसली तर मी काही करू शकणार नाही. समजलं नं?"

समजलं. माझी एकच तपासणी उरली होती: शहराबाहेरची, पांढरा गारेचा दगड दळून त्याची भुकटी करणारी गिरणी. ही भुकटी वाईट. दिसायला पिठासारखी, पण ती फुफ्फुसात जाऊन बसली की निघत नाही, माणसाला हळूहळू श्वास पुरेनासा होतो.

तिथे पोती भरणाऱ्या एका माणसाची मी निवड केली. चाळिशीचा, बारीक अंगाचा, तोंडाला निळ्या चौकड्यांचा रुमाल बांधलेला. त्याच्या कमरेला पंप अडकवला आणि त्याची नळी खांद्यावरून आणून टोकाची फिल्टरची डबी कॉलरला, नाकाजवळ लावली. म्हणजे तो ओढील तीच हवा डबीही ओढणार. वाटणीच्या त्या दिवसांत एखादं यंत्र बिघडलं तर जाब आम्हांला द्यावा लागणार होता. म्हणून मी त्याला बजावलं, "देखो भाई, सरकारी मशीन है, भोत नाजुक. इसकू कुछ नहीं होना."

"फिकर नक्को करो मॅडम," तो म्हणाला.

खरं तर दर तासाला जाऊन डबी बघायची असते. पण माणसं कमी म्हणून त्या दिवशी माझ्याकडे शेजारचा दुसरा कारखानाही होता. मी गेले ती पाळी सुटतानाच परत आले. तो दारात माझी वाट बघत उभा होता, भुवयांपर्यंत पांढरा, आणि त्याच्या तोंडाला रुमाल नव्हता. रुमालाच्या दोन घड्या घालून त्याने माझी डबी नीट गुंडाळून ठेवली होती.

"देख लो मॅडम, एक जर्रा धूल नहीं लगने दिया मैं."

"और तुम दिनभर ऐसेच?"

"मेरा क्या है. मेरेकू आदत है."

तो खोकला आणि हसला. त्याला शाबासकी हवी होती. मी "शुक्रिया" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? काळजी घ्यायला मीच सांगितलं होतं, कशाची ते सांगायचं राहिलं होतं.

प्रयोगशाळेत फिल्टर तोलला. वजन जेमतेम वाढलेलं. नियमाप्रमाणे अशा नमुन्यावर 'रद्द' लिहायचं आणि पुन्हा जायचं. पण वाटणीसाठी पंप दुसऱ्या दिवशी कुलपात जाणार होते, ते कधी निघतील कुणालाच ठाऊक नव्हतं. रद्द म्हणजे अपुरी तपासणी. मी साहेबांना सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "पंप चालू होता? वेळ भरली? वजन तुम्हीच केलंत?"

"हो सर."

"मग जे वजन आलं ते लिहा. फॉर्मात रुमालाचा रकाना नाही."

त्यांनी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. फॉर्म माझ्यासमोर होता आणि पेन माझंच होतं. 'धुळीचं प्रमाण मर्यादेच्या आत' असं लिहून मी सही केली.

दोन महिन्यांनी यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. वडिलांनी पुढच्या पौर्णिमेला विहारात खीरदान केलं. स्वतः वाढायला उभे राहिले, गुडघे दुखत असताना. जो येईल त्याला सांगत होते, "पोरगी परमनंट झाली." मी पण दोन वाट्या खीर खाल्ली आणि ती मला गोड लागली, हेही सांगून टाकते.

कायम झाल्यावर माझ्याकडे पहिलं काम आलं ते पुढच्या तपासण्यांचं वेळापत्रक लावायचं. जिथे धूळ जास्त, तिथे सहा महिन्यांनी पुन्हा जायचं. जिथे मर्यादेच्या आत, तो कारखाना यादीच्या तळाशी, तीन वर्षांनी. गारेच्या गिरणीचं नाव तळाशी गेलं. ते वर आणायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण माझ्याच सहीखाली दडलेलं होतं. मी वेळापत्रक जसंच्या तसं टाइप केलं.

तीन वर्षांनी गेले तेव्हा पोत्यांजवळ दुसरा माणूस होता. आधीच्याबद्दल विचारलं तर मुकादम म्हणाला, "वो? दम भरता था उसकू. चार कदम चलना नहीं होता था. गाँव कू चला गया." कुठलं गाव, ते त्याला माहीत नव्हतं.

या वेळी मी दर तासाला जाऊन डबी पाहिली. धूळ मर्यादेच्या कितीतरी वर निघाली. मी खरा आकडा लिहिला, सही केली, फाईल वर पाठवली. या वेळी ते सोपं होतं, कारण आता माझ्या नोकरीला कुणी धक्का लावू शकत नव्हतं. घरी आले तेव्हा आईने ताट वाढून ठेवलं होतं. तिला म्हटलं, दमलेय, नको मला. मी दमले नव्हते. मला माझी लाज वाटत होती, आणि ते तिला कसं सांगावं हे कळत नव्हतं.